रानभाजी आणि गवती चहा: दर पावसाळ्यात होणाऱ्या त्याच त्या चुका

मे संपत आला की ठाणे स्टेशनच्या बाहेर आणि जांभळी नाक्यावर शेवळ या रानभाजीच्या जुड्या दिसायला लागतात. त्यानंतर दोनच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: "भाजी खाल्ल्यावर घसा का खाजतोय?" उत्तरही ठरलेलंच आहे. काकडं, म्हणजे शेवळांसोबत विकली जाणारी आंबट रानफळं, घेतली नाहीत आणि भाजी दहा मिनिटांत उरकली.

घोडबंदर रोडवरच्या एका घरातला प्रकार नमुन्यादाखल पुरे. जुड्या विकणारी मावशी म्हणत होती, "ही काकडं पण न्या, त्याशिवाय होत नाही." बाईंना वाटलं, ही माल खपवतेय. घरी काकडांच्या जागी दोन टोमॅटो पडले. नॉनस्टिक पॅनमध्ये भाजी परतून लगेच ताटात. पहिला घास चविष्ट लागला, दोन मिनिटांनी जिभेला सुया टोचायला लागल्या. लहान मुलाचे ओठ सुजले आणि रात्री डॉक्टरांकडे जावं लागलं. मावशी खरं बोलत होती.

शेवळात, अळवात आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसतं उकळून पाणी ओतून दिलं तरी खाज पूर्ण जात नाही. तेलात भरपूर परतणं आणि मग आंबटात निवांत शिजवणं, हा पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला उपाय आहे. टोमॅटोचा आंबटपणा इथे पुरत नाही. शेवटी लिंबू पिळण्यालाही अर्थ नाही, कारण आंबटात भाजी शिजायला हवी, वरून शिंपडून काम होत नाही.

हाताला तेल लावून बसा. शेवळाचं बाहेरचं आवरण काढलं की आतल्या दांड्याच्या खालच्या बाजूला पिवळसर, किसणीसारखा खरखरीत भाग दिसेल. तो सगळा कापून टाका. घाई करणारे नेमका हाच ठेवतात, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. उरलेलं अगदी बारीक चिरा. 20 शेवळांना 10 ते 12 काकडं लागतात. ती ठेचून बिया काढायच्या, गर वाटून पाण्यात कालवायचा आणि गाळून घ्यायचा. शेवळं सढळ तेलात रंग गडद होईपर्यंत परता, मग काकडांचं पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर निदान 25 मिनिटं शिजवा. सोडे किंवा वाल घालायचे तर ते त्यानंतर. मीठ शेवटी, कारण भाजी आटून निम्मी होते. काकडं मिळालीच नाहीत तर लिंबाएवढी चिंच किंवा 8-10 आमसुलं भिजवून घ्या. चव बदलेल, पण घसा वाचेल. एकदा खाजलेली भाजी पुन्हा शिजवून सावरायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. खाज सुटलीच तर थंड दूध किंवा दही घ्या. जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय बंद आणि थेट दवाखाना.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न खाजेचा नसून विषाचा आहे: फोटो बघून फोडशी उपटणे. फोडशी, म्हणजे कुलूची भाजी, गवतासारखी दिसते. पहिल्या पावसानंतर खारघरच्या डोंगरावर किंवा पारसिकच्या उतारावर तशी लांब हिरवी पाती शंभर प्रकारची उगवतात. त्यात रानकांदा असतो, तो विषारी. कळलावीही याच दिवसांत वर येते. तिच्या सगळ्या भागांत, कंदात तर जास्तच, कोल्चिसिन असतं आणि ते जीव घेऊ शकतं. मोबाईलमधलं ॲप कोवळ्या पात्याला काहीही नाव देतं. फुलाशिवाय त्याने सांगितलेल्या नावावर भरवसा ठेवता येत नाही, आणि आपण तर भाजी फुलायच्या आधीच खुडतो.

म्हणून सवय अशी ठेवा की नवीन जागी एक रोप मुळासकट उकरून बघायचं. खाली गोल कांदा निघाला तर ती फोडशी नाही. पात्याचं टोक दोऱ्यासारखं वळून वेलाच्या तणाव्यासारखं झालं असेल तर कळलावी समजून हात धुवा. फोडशीला खाली जाडसर बोटांसारख्या मुळांचा झुबका असतो. एवढं करूनही शंका राहिली तर बाजारातून घ्या. शहापूर, मुरबाड, कर्जतकडून येणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायका लहानपणापासून हे खुडतात. त्यांच्याशी भाव करायला दहा मिनिटं घालवणारे लोक "ही कशी निवडायची?" हे विचारायला अर्धं मिनिट देत नाहीत. फोडशी निवडताना बुडखा कापा, पानं एकेक सोडवून तीन पाण्यांत धुवा. माती आतल्या घडीत बसते आणि शिजल्यावर दाताखाली कचकचते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टाकळा समजून कासविंदा आणू नका. टाकळ्याच्या पानाला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात, कासविंद्याच्या जास्त आणि टोकदार. कासविंद्याच्या बिया मुलांसाठी फार घातक आहेत. टाकळाही पोट साफ करणारा आहे, पहिल्यांदा अर्धी वाटीच खा.

घोळ खुडताना देठ मोडा. दूध आलं तर ती घोळ नव्हे.

नाल्याकाठचं अळू, रुळांशेजारची भाजी आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कुंपणाकडेची घोळ कितीही तजेलदार दिसली तरी नको. धातू आणि तणनाशक धुऊन जात नाही.

येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथून काही खुडून आणायची परवानगी नाही.

अळंबी ओळखता येत नसेल तर विषय संपला.

आता चहा. गवती चहाची एका कपाला दोन-तीन पाती पुरतात. गाठ मारून उकळत्या पाण्यात टाका, झाकण ठेवा, चार-पाच मिनिटांत उतरवा. वीस मिनिटं खळखळवलं की वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात गवत उरतं. रस्त्याच्या दुभाजकावरची फुलं "फुलांचा चहा" म्हणून तोडणाऱ्यांना काय सांगावं? तिथे कण्हेर असते, आणि कण्हेर सगळीच विषारी. निळा चहा हवा तर घरच्या कुंडीत गोकर्ण लावा.

गुळवेलीचा काढा रोज आणि अंदाजे पिणं सोडा. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी अशी बाजू मांडली. वाद काहीही असो, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर मसांसारखे ठळक उंचवटे असतात आणि ती गुळवेल म्हणून दिली जाऊ शकते.

आणि पावसाळ्यात पानं वाळवत बसू नका. ठाण्याच्या जुलैमधल्या हवेत ती वाळत नाहीत, पंख्याखालीसुद्धा आतून दमट राहतात आणि बरणीत आठवड्याभरात बुरशी धरते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, सावलीत, सुती कापडावर पातळ पसरा. पान मुठीत चुरल्यावर कडकन मोडलं तरच भरा. नुसतं वाकलं तर अजून दोन दिवस. बरणी उघडताच कुबट वास आला तर वरची पानं चांगली दिसतात म्हणून खालची तेवढी काढू नका, सगळी बरणी रिकामी करा.