लेबर रूममध्ये पहिली पोस्टिंग: अंदाज नको, मोजा

ओबीजीवायची (स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची) सीट मिळून मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयात पहिली पोस्टिंग लागली, की इमर्जन्सीच्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा घाईत पुस्तकातलं आठवलं नाही म्हणून निदान चुकणं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा एखादी साधी गोष्ट विचारायची किंवा मोजायची राहिलेली असते.

सुरुवात पाळीच्या तारखेपासून. ‘आठवत नाही’ या उत्तरावर थांबू नका. गणपतीच्या आधी आली होती की विसर्जनानंतर? रमजानमध्ये रोजे कधी सुटले होते? समोर दिनदर्शिका धरून विचारलं की तारीख बहुधा सापडते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल आणि फरक आठवड्याहून जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरा. कागद गावी राहिले असतील तर नवऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो मागवायला सांगा.

कॅज्युअल्टीत पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आलेल्या, पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची युपीटी (लघवीवरची गर्भ-तपासणी) करा. नसबंदी झालेली असली तरी करा. नळीतला गर्भ तरीही राहू शकतो. लघवी होत नसेल तर कॅथेटरने घ्या. केमिस्टकडून गर्भपाताच्या गोळ्या आणून खाल्ल्या आहेत का, हे सासूला बाहेर पाठवून विचारा. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही, पण अंगावरून जायला लागल्यामुळे सगळ्यांचीच दिशाभूल होते.

गरोदर बाईचं बीपी 160/110 असेल तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा आणि तेवढंच राहिलं तर उपचार सुरू करा: लॅबेटालॉल 20 मिग्रॅ शिरेतून, दहा मिनिटांनी 40, मग 80. दम्याची पेशंट असेल तर निफेडिपिन 10 मिग्रॅ तोंडाने. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, यातलं काहीही सोबत असेल किंवा झटका आला असेल तर झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट.

इथे हिशेब हमखास चुकतो. आपल्याकडची अँप्युल 2 मिलीची, 50 टक्क्यांची, म्हणजे 1 ग्रॅमची. चार अँप्युल (8 मिली) अधिक 12 मिली सलाइन, असं 20 मिली द्रावण शिरेतून हळूहळू, निदान पाच मिनिटं. विरळ न करता शिरेतून कधीच देऊ नका. लगेच दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच अँप्युल, त्याच सिरिंजमध्ये 1 मिली 2 टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध). एकूण चौदा अँप्युल. रिकाम्या झालेल्या अँप्युल ट्रेमध्ये ठेवून सिस्टरांसोबत मोजा. पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅम, एका आड एका कुल्ल्यात, प्रसूती किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतर घडेल त्यापुढे 24 तास. प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा जर्क (ठोकल्यावर पाय उडणं) आहे ना, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत ना आणि लघवी तासाला 30 मिली तरी होते ना, हे बघाच. मॅग्नेशियम लघवीवाटेच बाहेर पडतं; लघवी आटली की ते रक्तात साठतं. आधी जर्क जातो, मग श्वास मंदावतो. म्हणून त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, खाटेशेजारीच हवं, कपाटात नको.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव नजरेने नेहमीच कमी वाटतो. मावशींना आधीच सांगून ठेवा, की पॅड वजन केल्याशिवाय टाकायचं नाही. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नाडी भागिले वरचं बीपी 0.9 च्या पुढे गेलं की सीनियरना बोलवा आणि रक्तपेढीला फोन लावा.

तोवर गर्भाशय चोळत राहा आणि मूत्राशय रिकामं करा. एक लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइनमध्ये ऑक्सिटोसिन 20 युनिट, मिनिटाला 40 ते 60 थेंब. बोलस (एकदम सगळा डोस) देऊ नका, बीपी कोसळतं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. गर्भाशय आकसवणाऱ्या बाकीच्या औषधांपैकी मेथर्जिन बीपीवाल्या बाईला नको, कार्बोप्रॉस्ट दमेकरी बाईला नको.

गर्भाशय दगडासारखं घट्ट आहे आणि तरीही रक्त थांबत नाही? मग चांगल्या उजेडात, दोन स्पंज होल्डर घेऊन गर्भाशयमुख सगळीकडून फिरवून बघा, फाटलेलं सापडेल. तिथेही काही नसेल तर साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन मुठीत धरा. सात मिनिटांत गुठळी झाली नाही, किंवा होऊन लगेच फुटली, तर रक्तपेढीकडे पीसीव्हीसोबत (लाल पेशींसोबत) एफएफपीही (गोठवलेला प्लाझ्माही) मागा.