मुलगी लवकर वयात येत असल्यास काय करावे

आठव्या वर्षाआधीच मुलीच्या छातीला उभार जाणवू लागल्यास किंवा जूनमध्ये शिवलेला युनिफॉर्म दिवाळीलाच आखूड झाल्यास, ‘हल्लीच्या मुली लवकरच वाढतात’ असे म्हणून थांबू नये. भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि ही नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागात जावे. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते, आणि हाडे लवकर पक्व झाल्यास उंची लवकर खुंटते. कारणांमध्ये वाढत्या वजनाचा पुरावा भक्कम आहे. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल व थॅलेट या रसायनांविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरीही गरम हुमण (माशांची आमटी) प्लास्टिकच्या पिशवीतून न आणता स्टीलचा डबा न्यावा. मुलीला हे सारे आईने शांतपणे, तिला लाज वाटणार नाही अशा शब्दांत सांगावे.