मॅटलॉकाइट ओळखताना या चुका टाळा

मॅटलॉकाइट हे शिशाचे दुर्मिळ खनिज. त्याचे नाव इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या मॅटलॉक गावावरून पडले, म्हणून पुष्कळ जण नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर नुसते 'मॅटलॉक' लिहून मोकळे होतात. मूळ नमुने मात्र क्रॉमफर्डजवळच्या बेज खाणीतले आहेत. नमुन्याची खरी किंमत खाणीच्या नावात असते, तेव्हा तेच लिहा.

दुसरी चूक जुन्या चिठ्ठीवरचे सूत्र खरे मानण्याची. १८५१ मध्ये वर्णन झाले तेव्हापासून बरीच वर्षे याला शिशाचे ऑक्सिक्लोराइड (ऑक्सिजन आणि क्लोरीन असलेले संयुग) समजत होते. १९३०च्या दशकात क्ष-किरणांनी रचना तपासली तेव्हा खरा प्रकार कळला: एक शिसे, एक फ्लोरीन, एक क्लोरीन. ऑक्सिजन नाहीच! शिशाचे प्रमाण जुन्या सूत्रानुसार ८२.७ टक्के येते, नव्यानुसार ७९.२. तरीही जुनी चिठ्ठी फेकू नका. नवी तिच्याशेजारी ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो फॉस्जेनाइट या शिशाच्याच दुसऱ्या खनिजाशी. तेही बेज खाणीतच सापडते, तेही चतुष्कोणीय (चौरस पायाच्या स्फटिकांचे) आणि पिवळसर झाक असलेले. (नावात फॉस्जीन असले तरी त्यातून विषारी वायू निघत नाही, घाबरू नका.) फॉस्जेनाइटमध्ये कार्बोनेट असते, त्यामुळे सौम्य नायट्रिक आम्लात त्याचा कण फसफसतो. मॅटलॉकाइटचा फसफसत नाही. आम्ल वापरायचे तर सुटलेल्या कणावरच, स्फटिकावर कधीच नाही.

मी तरी आधी वजन करतो. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तुकडा पाण्याच्या किती पट जड, ते कळते. हवेत ७.१२ ग्रॅम आणि पाण्यात ६.१२ भरला तर विशिष्ट गुरुत्व ७.१२, म्हणजे मॅटलॉकाइटशी जुळते. फॉस्जेनाइटचे ६.१ च्या आसपास येते, बॅराइट या बेरियमच्या खनिजाचे ४.५. आकडा कमी आला की लगेच 'हे मॅटलॉकाइट नाही' म्हणू नका. तुकड्याला दुसरा खडक चिकटला आहे का, पाण्यात बुडबुडे अडकले आहेत का, हे बघा. मऊ ब्रशने बुडबुडे काढा आणि पुन्हा तोला.

कठिनता अडीच ते तीन, त्यात पातळ पापुद्र्यांत फुटणारे पाटन; म्हणून सुईने ओरखडा काढून बघू नका. चमक नीट दिसावी म्हणून दगडाला जीभ लावायची सवय काही संग्राहकांना असते. इथे ती अजिबात नको, हे शिसे आहे. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.