एचिंगमधली माणसे मोजू नका

जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन एचिंगकाराच्या रोमच्या देखाव्यांत खांबांच्या पायथ्याशी जी माणसे दिसतात, त्यांना मोजपट्टी समजू नका. मी समजले आणि प्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा लेप द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या, उघडा पडलेला तांब्याचा भाग आम्लाने खोदून घ्यायचा आणि त्या पत्र्यावरून छाप काढायचा, हे एचिंगचे तंत्र तुम्हांला ठाऊक असेलच; अडचण तिथे येत नाही, ती छापलेले चित्र वाचताना येते.

मी चाळीसगावची. पँथिऑन या रोममधल्या प्राचीन देवळाच्या देखाव्यात मी माणसाची उंची साडेपाच फूट धरली, तशी माणसे एकावर एक रचून दर्शनी खांबाची उंची काढली आणि त्या आकड्यावर रोमच्या सामर्थ्याचे विवेचन उभे केले. परीक्षकांनी एवढेच विचारले, की खांबाची खरी उंची पाहिली आहे का. त्या दगडी खांबांची उंची सुमारे 12 मीटर आहे. माझा आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. मार्गदर्शकांनी ते प्रकरण दोनदा वाचले होते. ज्याने स्वतः कधी पत्रा खोदला नाही, त्याला या विषयात मार्गदर्शक करू नये, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले आहे.

ही चूक नीट समजून घ्या. पिरानेसी (1720–1778) वास्तुकलेचे शिक्षण घेतलेला होता, रोमच्या अवशेषांची मापे त्याने स्वतः घेतली होती, त्यामुळे माणसे लहान निघाली ती हात चुकला म्हणून नव्हे. तो पाहणाऱ्याची नजर खाली आणतो, इमारत कोपऱ्यातून दाखवून तिच्या दोन्ही बाजू दूर पळवतो आणि पायथ्याशी फाटक्या कपड्यांतली, हातवारे करणारी किरकोळ माणसे ठेवतो. वास्तूची उंची आणि माणसाचे खुजेपण ही एकाच हाताने, एकाच रेषेत घडतात. म्हणून खरे माप आणि चित्रातले माप यांतला फरक हाच तुमचा पुरावा आहे. चित्रावरूनच माप काढले, तर तो पुरावा तुम्ही स्वतःच पुसून टाकता. आधी वास्तूचे माप मिळवा, चित्र त्यानंतर उघडा.

घाबरू नका, हे डोळ्याला सवयीने जमते. मी धुळे जिल्ह्यातल्या बळसाण्याच्या देवळाची मापे घेतली, छोट्या पत्र्यावर ते रेखाटले आणि दाराशी माणूस मुद्दाम निम्म्या उंचीचा काढला. देऊळ शेकडो वेळा पाहिलेल्या मावशीने छाप हातात घेऊन विचारले, ‘हाई आपलं बळसानं शे का?’ दहा पुस्तकांनी जे कळले नव्हते, ते त्या प्रश्नाने कळले.

फोनवर चित्रे पाहून अभ्यास करण्याची आळशी वाट मात्र धरू नका. पडद्यावर कागदाचा आकार हरवतो, आणि कडेचा मजकूर कापला गेला तर चित्र कोणाला अर्पण केले हेही कळत नाही. चित्रामागे पैसा कोणाचा, ही सत्ता त्या मजकुरातही असते. 1756 च्या रोमन अवशेषांवरील चार खंडांसाठी लॉर्ड चार्लमाँट या आयरिश उमरावाने कबूल केलेला पैसा दिला नाही, तेव्हा पिरानेसीने अर्पणपत्रिकेच्या पत्र्यावरून त्याचे नाव खोडून टाकले. काल्पनिक तुरुंगांच्या मालिकेचे 1761 चे छाप पाहाल, तर तेही आधीच्या छापांशेजारी ठेवून पाहा. रेघा गडद झालेल्या दिसतील, साखळ्या आणि यंत्रे वाढलेली दिसतील.

आपल्याकडच्या मुलांना एक सोय आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. कन्नड घाट चढला की वेरूळ येते. चित्रकार जेम्स वेल्सने तिथे केलेल्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने 24 चित्रे 1803 मध्ये प्रसिद्ध केली. ती ॲक्वाटिंटची, म्हणजे रेघेबरोबर राळेच्या भुकटीने छाया आणणाऱ्या एचिंगची आहेत. त्यांच्या चांगल्या प्रती मिळवा, टेप घेऊन कैलासच्या अंगणात जा आणि तिथल्या दगडी हत्तीशेजारी ओळखीच्या माणसाला उभे करा. मग चित्रातली माणसे पाहा: कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाच्या अंगावर काय आहे आणि त्यांतला एकही जण आपल्याकडे पाहतो का.