एमएफटी करायला अमेरिकेला निघालात? या चुका टाळा

मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं, म्हणजे एमएफटीचं, मास्टर्स अमेरिकेत दोन-तीन वर्षांत उरकतं. लायसन्स त्यानंतर येतं, आणि ते येईपर्यंत सगळा हिशेब देखरेखीखाली केलेल्या कामाच्या तासांचा असतो. आपल्याकडून मानसशास्त्र शिकून तिकडे जाणारी मुलं विद्यापीठाचं नाव, फी, शहर सगळं पारखून घेतात. राज्याच्या बोर्डाचं हँडबुक उघडतात ते तिसऱ्या सेमिस्टरला, आणि घोळ तिथे लक्षात येतो. खाली कॅलिफोर्नियाचे नियम धरले आहेत. इतर राज्यांत आकडे वेगळे, आणि कॅलिफोर्नियाचेही अधूनमधून बदलतात. अर्ज करताना ताजं हँडबुकच प्रमाण माना.

डिग्री बघितली, राज्य बघितलंच नाही

लायसन्स विद्यापीठ देत नाही, राज्य देतं. कॅलिफोर्नियात हे काम बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘बीबीएस’, बघतं. या विषयाच्या अभ्यासक्रमांना राष्ट्रीय मान्यता देते ती सीओएएमएफटीई ही संस्था. बीबीएस त्या मान्यतेचा आग्रह धरत नाही. पण उद्या जोडीदाराची नोकरी टेक्सासला गेली आणि डिग्रीला ही मान्यता नसेल, तर तिथलं बोर्ड एकेक विषय तपासायला बसू शकतं. एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करता यावं म्हणून प्रोफेशनल कौन्सेलर मंडळींसाठी राज्याराज्यांत करार झाला आहे. एमएफटी त्यात नाहीत. ‘तुमच्या डिग्रीवर अमुक राज्यात लायसन्ससाठी अर्ज करता येतो का?’ हा प्रश्न प्रवेशाआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ऑनलाइन प्रोग्रॅम असेल तर दोनदा विचारा.

तास भरले, पण चुकीच्या रकान्यात

लायसन्ससाठी कामाचे एकूण ३,००० तास लागतात, किमान १०४ आठवड्यांत. त्यातले किमान १,७५० प्रत्यक्ष क्लायंटसमोर बसलेले, आणि त्यांतले ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलांसोबतचे. डिग्रीआधीचे, म्हणजे ट्रेनी असतानाचे, १,३०० पर्यंतच धरले जातात; त्यातही समुपदेशन आणि सुपरव्हिजन (सुपरव्हायझरसोबतचे देखरेखीचे तास) मिळून ७५० च्या वर नाही.

अडतं ते ५०० वर. एकेकटे क्लायंट सहज मिळतात. दुपारी दोनला कॉलेजची मुलं येतात, रकाना भरत जातो. जोडपी मात्र संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी येतात, आणि नेमक्या त्या वेळा जुन्या लोकांनी धरलेल्या असतात. प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकताना क्लायंट बघायची, जागा निवडताना भिंती आणि पार्किंग बघण्यापेक्षा एवढं विचारा: ट्रेनीला आठवड्याला किती जोडपी मिळतात? दुसरं वर्ष अर्धं सरलं आणि रकाना रिकामाच असेल, तरी वाट बंद झालेली नाही. शाळेने पाठवलेला मुलगा एकटा येतो, त्याच्या आईवडिलांना तिसऱ्या सेशनला बोलवा. सुपरव्हायझर बहुधा खूशच होतो, कारण मुलाच्या तक्रारीचं मूळ अनेकदा त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत सापडतं.

लॉग, म्हणजे तासांची नोंद, दर आठवड्याला भरून सुपरव्हायझरची सही घ्या. ट्रेनी असताना दर पाच क्लायंट-तासांमागे सरासरी एक युनिट सुपरव्हिजन लागतं, म्हणजे एक तास वैयक्तिक किंवा दोन तास गटातलं. ते प्रमाण बिघडलं की जास्तीचे तास वाया. सुपरव्हायझर मध्येच संस्था सोडून गेला तर शेवटच्या दिवसाआधी त्याच्याकडून अनुभवाचा फॉर्म भरून घ्या. नंतर त्याला शोधत फिरणं फार वाईट.

आणखी दोन फटके: ट्रेनी असताना प्रायव्हेट प्रॅक्टिसमधले तास धरत नाहीत, आणि पगार १०९९ वर, म्हणजे कंत्राटदार म्हणून घेतला तर तेही तास शून्य. डब्ल्यू-२, म्हणजे पगारी नोकर, किंवा स्वयंसेवक, दोनच प्रकार चालतात.

नव्वद दिवस

डिग्री मिळाल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत असोसिएट नोंदणीचा (डिग्रीनंतर, लायसन्सआधी काम करण्यासाठीची नोंदणी) अर्ज बोर्डाकडे पोचला, तर नोंदणीचा नंबर हाती येण्याआधी केलेले तासही धरले जातात. अट एवढीच की कामाच्या जागेने तुमचे बोटांचे ठसे, म्हणजे लाइव्ह स्कॅन, आधी करून घेतलेले हवेत. पदवीदान, आईबाबांची ट्रिप, ग्रँड कॅन्यन यात ९१ वा दिवस उजाडतो. अर्ज आधी टाका, मग फिरा.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांचं वेगळं गणित

ही डिग्री स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसत नाही, त्यामुळे ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांचंच. आता हिशेब मांडा. डिग्रीआधी ७५० ची मर्यादा, तीही सुपरव्हिजन धरून. म्हणजे नंतर हजाराहून जास्त क्लायंट-तास उरतात. वर्षात ते बसवायचे तर पहिल्या आठवड्यापासून रोज चार-पाच क्लायंट प्रत्यक्ष यायला हवेत, आणि न सांगता गैरहजर राहणारे सगळीकडेच असतात. कागदावर जमतं, प्रत्यक्षात बहुतेकांचं जमत नाही. म्हणून पुढची सोय शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बघा. विद्यापीठाशी संलग्न संस्थेला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत उतरावं लागत नाही; गल्लीतल्या साध्या नॉन-प्रॉफिट क्लिनिकला उतरावं लागतं.

प्रॅक्टिकम बिनपगारी असलं तरी कॅम्पसबाहेर असेल तर सुरू करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात सीपीटीचं, म्हणजे शिकताना कॅम्पसबाहेर काम करायच्या परवानगीचं, विचारा. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं की ओपीटी गेलं.

खोलीतल्या चुका

कागदपत्रं निस्तरता येतात. खोलीतल्या सवयी जायला वेळ लागतो, आणि आपल्या मुलांची एक सवय ठरलेली: समजूत घालणं. घरात भांडण झालं की शहाण्या माणसाने दोघांना बसवून चार गोष्टी सांगायच्या, हे आपण लहानपणापासून बघितलेलं. समोर बायको रडते, नवरा गप्प, आणि ट्रेनी दहाव्या मिनिटाला तोडगा काढून मोकळी होते. पुढच्या आठवड्यात ते जोडपं येत नाही.

एक प्रसंग समजा. आई, बाबा, पंधरा वर्षांचा मुलगा. ट्रेनी मुलाला विचारते, ‘शाळेत कसं चाललंय?’ उत्तर आई देते. ट्रेनी मान डोलावून पुढचा प्रश्न थेट आईलाच विचारते. बाबा फोन बघतायत. एका बाजूनेच दिसणाऱ्या आरशाच्या काचेमागून बघणाऱ्या सुपरव्हायझरचा फोन येतो: आईला विचारू नकोस, बाबांना सांग मुलाशी बोलायला. फॅमिली थेरपिस्ट साल्वादोर मिनूचिनच्या पद्धतीत इथे खुर्च्यासुद्धा हलवतात. कोण कोणाच्या वतीने बोलतं, हेच इथे काम आहे; शाळेचे मार्क नंतर. ट्रेनीला मात्र मोठ्या माणसाचं बोलणं तोडायचं म्हणजे पाप वाटतं.

क्लायंट मराठी असतील तर हे दुपटीने. तोंडातून ‘काकू’ निघालं की तुम्ही त्यांची भाची झालात, थेरपिस्ट राहिला नाहीत. ‘अहो’ पुरतं. शिवाय बे एरियाच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला त्याच काकू ताटात मोदक वाढणार. अशा वेळी ओळख कोणी दाखवायची आणि कोणी नाही, हे पहिल्याच सेशनला बोलून घ्या.

जोडप्यातला एक जण मधल्या दिवशी फोन करून सांगतो, ‘हे तिला सांगू नका, पण...’ गुपितांचं धोरण, म्हणजे एकाने सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवायचं की नाही, हे आधी सही करून घेतलं नसेल तर तुम्ही अडकलात. बालअत्याचाराचा वाजवी संशय आला तर कॅलिफोर्नियात फोन लगेच आणि लेखी अहवाल ३६ तासांत. ‘घरातली गोष्ट आहे, आधी खात्री करू’ हे चालत नाही. खात्री करणं तुमचं काम नाही.

एक जाता जाता: वर्गात स्वतःच्या घराचा तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा नकाशा, काढायला लावतात. बरीच मुलं दारू पिणारा काका आणि माहेरी परत आलेली आत्या गाळून नीटनेटकं झाड आणतात. प्राध्यापकांना ते चटकन कळतं.

परत यायचं असेल तर

भारतात एमएफटी असं लायसन्स नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होते, आणि अमेरिकेतली एमएफटी डिग्री दाखवून ती आपोआप मिळत नाही. खासगी समुपदेशन, शाळा, संस्था, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक अशा वाटा आहेत, पण प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील, सही झालेले लॉग आणि सुपरव्हायझरची पत्रं तिकडे असतानाच मूळ प्रतीत गोळा करा.