प्लेगचा माग काढायचाय? माणसांमागे नको, पोत्यांमागे जा

माझी पणजी म्हणे म्हणायची, "उंदीर पडला की चूल विझवायची." घरात मेलेला उंदीर दिसला की त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायचं आणि माळावर झोपडी टाकायची. पणजीला मी पाहिलेलं नाही, वाक्य आजीकडून आलं. शाळेत इतिहास शिकवताना मी ते वर्षानुवर्षं गंमत म्हणून सांगत राहिले. निवृत्तीनंतर 1896 च्या मुंबईतला प्लेग नकाशावर मांडायला बसले, तेव्हा कळलं की माग काढायची अख्खी पद्धत त्या पाच शब्दांत होती.

तुम्हालाही हे करून पाहायचं असेल तर सामान फार लागत नाही. जुन्या मुंबईचा असा नकाशा घ्या, ज्यात धक्के, वखारी आणि रेल्वे नीट दिसतात. वर ठेवायला दोन ट्रेसिंग पेपर, तीन रंगांच्या पेन्सिली आणि एक चांगला खोडरबर. खोडरबर लागतोच.

पहिला ठिपका मांडवीत द्या. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी 23 सप्टेंबर 1896 रोजी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, असं निदान केलं ते इथल्या रुग्णांवरून. ठिपका देऊन लगेच पुढे जाऊ नका, आजूबाजूला काय आहे ते बघा. बंदर हाकेच्या अंतरावर, धान्याच्या वखारी, गोण्यांच्या थप्प्या, आणि त्याच इमारतींत वर दाटीवाटीने राहणारी माणसं. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेग होता आणि तिथून मुंबईला जहाजं येत होती. जहाजातून उतरलेल्या उंदराला वखारीत दाणा, ऊब आणि लपायला जागा, सगळं तयार मिळालं.

इथेच माझी पहिली चूक झाली. मी माणसाकडून माणसाकडे बाण काढत गेले. हा आजारी, मग त्याचा भाऊ, मग शेजारीण. नकाशा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसायला लागला आणि काही केल्या जुळेना. गाठीच्या प्लेगच्या रुग्णांची रात्रंदिवस सेवा करणारे रुग्णालयातले लोक क्वचितच आजारी पडत होते. हे वाचल्यावर सगळे बाण खोडले. (खोकल्यातून पसरणारा फुप्फुसाचा प्लेगही असतो. तो माणसाकडून माणसाला थेट होतो, पण मुंबईत मुख्य साथ गाठीची होती. फुप्फुसाचं प्रकरण आढळलं तर वेगळ्या रंगाने दाखवा.)

आता तारखांचं काम. 1905 नंतर मुंबईत प्लेगच्या संशोधकांनी उंदीर गोळा करून, कापून, तारखा मांडून जो क्रम शोधला, तो असा: आधी गटारातले मोठे उंदीर मरायचे, साधारण दहा दिवसांनी घरातले काळे उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. हा शेवटचा काळ असा भरतो: उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरच्या पिसवा सुमारे तीन दिवस उपाशी राहतात, मग माणसाला चावतात. चावल्यापासून ताप यायला आणखी तीनेक दिवस, आणि ताप आल्यापासून मृत्यूपर्यंत पाच-सहा दिवस. म्हणून माणसाच्या मृत्यूचा प्रत्येक ठिपका दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर दोन आठवडे मागे सरकवून द्या. तो कागद उंदरांचा. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की साथ वखारींच्या रांगेने सरकताना दिसते.

पिसूबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. आजारी उंदराचं रक्त प्यायलेल्या पिसूच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा गोळा अडकतो. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जंतूमिश्रित रक्त जखमेत परत ओकते. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत पिसवेचा हात असल्याचं दाखवलं, पण बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग मुंबईच्या प्रयोगात गिनिपिगांचे पिंजरे टांगले गेले. जमिनीवरच्या आणि दोन इंच उंचीवरच्या पिंजऱ्यांतली जनावरं मेली, दोन फुटांवरची वाचली. पिसू उडी मारते ती चारेक इंच. माझ्या मते अख्ख्या शतकाच्या वैद्यकात इतका स्वस्त आणि इतका चोख पुरावा फार थोडा सापडेल.

मृत्यूंचे आकडे वाचताना सावध राहा. ‘प्लेगने मृत्यू’ हा रकाना खोटं बोलतो. रुग्णाला उचलून नेतील, घराचं सामान जाळतील, या धास्तीने लोक दुखणं लपवायचे आणि नोंद साध्या तापाची व्हायची. म्हणून त्या आठवड्यातले एकूण मृत्यू घ्या आणि आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. फुगवटा तिथे दिसतो. त्यातही एक खाच आहे: 1891 च्या शिरगणतीत मुंबईत 8,21,764 माणसं होती, पण 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं शहर पळालं होतं. मृत्यूचं प्रमाण काढताना भागायचं कशाने, ते आधी ठरवा.

सरकारी उपायही नकाशावर घाला. चुना, कार्बोलिक हे जंतुनाशक, कौलं काढून आत ऊन सोडणं, सक्तीची झडती. गटारात औषध ओतलं तेव्हा बरेचसे उंदीर मरण्याऐवजी शेजारच्या घरात गेले असणार, असं मला वाटतं. सगळा भर माणसं आणि घरं धुण्यावर, पोतं मात्र खुशाल गावभर फिरत होतं.

शहराबाहेर जाणाऱ्या रेषा तुटक काढा. रेल्वेने माणूस जातो तेव्हा वळकटीत पिसवा जातात, आणि धान्याच्या वाघिणीत (मालडब्यात) उंदीर. पुण्यात साथ पोचली ती अशीच. सावित्रीबाई फुले तिथे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या. रँडचा वध त्याच वर्षी 22 जूनच्या रात्रीच्या हल्ल्यातला, तो आपल्याला पाठ असतो. सावित्रीबाईंची तारीख वर्गात विचारली की हात वर होत नसत.

पुण्यासाठी मात्र नवा कागद घ्या. मुंबईत साथ थंडीत चढायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये टोकाला जायची आणि उकाडा वाढला की ओसरायची, कारण फार उष्म्यात पिसवेच्या पोटातला तो गोळा टिकत नाही. पुण्याची हवा वेगळी. तिथे 1897 ची दुसरी लाट पावसाळ्यात उठली आणि दिवाळीच्या सुमारालाही चालूच होती. मी मुंबईचाच कागद पुण्यावर ठेवून दोन महिने घोळ घातला होता.