उघडीप पडली म्हणून निघू नका

जळगाव-भुसावळकडची पोरं हल्ली जानेवारीत पंजाब मेल धरून उत्तरेला जातात, कोणी केदारकंठ्याला, कोणी मनालीकडे. मी फौजेत बर्फात नोकरी केलेली, म्हणून आधी अमळनेरला येऊन जाकीट कोणतं घेऊ विचारतात. जाकिटाचं मी दोन वाक्यांत उरकतो. खरं बोलायचं असतं उघडिपीबद्दल आणि हिमस्खलनाबद्दल, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली येतो त्याबद्दल.

सातपुड्यात पाऊस थांबला की आपण वाट धरतो. बर्फात ही सवय जिवावर बेतते. मोठी बर्फवृष्टी थांबल्यावरचे पहिले एक-दोन दिवस, त्यात लख्ख ऊन, म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ. नवा थर जुन्याला धरलेला नसतो. दादर ज्वारीच्या राशीवर फळी तिरपी ठेवून तिच्यावर पाय द्या, काय होतं ते कळेल. खालचा थर असाच दाणेदार, भुसभुशीत असतो आणि वरचा कडक पट्टा एकदम सुटतो. माणसं सापडतात त्या बहुतेक वेळा तो सोडवायला माणसाचंच वजन कारण ठरतं.

आता उतार. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप घ्या आणि पाटणादेवीच्या डोंगरात मोजून नजर बसवा. सुरुवातीला सगळ्यांचा अंदाज चुकतो. पायाखालचा उतार सौम्य असला तरी डोक्यावरचा बघा. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले, ते काही शिखर चढत नव्हते.

वाऱ्याने बर्फ उडवून कड्याच्या आडोशाला साठवला असेल, पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बुटापासून भेग पळाली, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर चर्चा नको, मागे फिरा. एका दिवसात फूटभर बर्फ पडला असेल तर त्या बाजूला जाऊच नका. डीआरडीओची चंडीगडची संस्था, डीजीआरई, हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज बघा.

संशयाचा पट्टा ओलांडणं टळतच नसेल तर एकेकानेच. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सैल, काठ्यांच्या दोऱ्या मनगटातून बाहेर.

प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर (गाडलेल्याची जागा शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी), फावडं. एकाकडे असून भागत नाही, तोच गाडला गेला तर? गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नसतं भो, सोबत्यांनीच काढायचं. म्हणून एक ट्रान्सीव्हर पोत्यात बांधून मोकळ्या शेतात पुरा आणि घड्याळ लावून शोधा. शोधताना मोबाइल हातातल्या ट्रान्सीव्हरपासून अर्धा मीटर तरी लांब. खणायचं उताराच्या खालच्या अंगाने, थेट माणसाच्या डोक्यावर उभं राहून नाही.

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या टाका, बाजूला निसटायला बघा. वेग कमी होत आला की हात तोंडापुढे आणा, श्वासाला जागा राहते.

आणि परतीचं आरक्षण दोन-तीन दिवस उशिराचं काढा. तिकीट हातात असलं की माणूस बर्फ बसायची वाट बघत नाही, भुसावळची गाडी बघतो.